थंड उन्हाळ्याचे भाकीत



वैशाखातल्या या संध्याकाळी आपण हातातल्या कागदाचा पंखा करून बसलेले आहात. अशा वेळी गार वाऱ्याची एक झुळूक आली तर कोणीही सुखावेल. परंतु जगाच्या पाठीवर एक मुलूख असा आहे की, जेथे जून-जुलैत समुद्रावरून गार वारा सुटला म्हणजे शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. हा मुलूख म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचा ईशान्य भाग. त्याला तोहोकू म्हणतात, आणि त्याच्या पॅसिफिककडील किनाऱ्याला सानरिकू. त्या वाऱ्याचे नाव यामासे. या वाऱ्याचा, त्याने आणलेल्या दुष्काळांचा, आणि ‘यंदाचा उन्हाळा कसा जाईल’ हे आगाऊ ओळखण्याच्या खटपटीचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे.

मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे, इतिहासाचा पदवीधरही नव्हे. कामगारांच्या महागाई भत्त्याचा हिशेब मांडता मांडता मी धान्याच्या भावांकडे वळलो, आणि भावांवरून पावसापाण्याकडे. भाव का चढला, हे विचारले की व्यापारी आकाशाकडे बोट दाखवितो. ते बोट कितपत खरे असते हे पाहण्याची मला खोड लागली, आणि ती खोड मला हाचिनोहे नावाच्या धुकट बंदरापर्यंत घेऊन गेली, अर्थात पुस्तकांतून.

प्रथम वाऱ्याची ओळख करून घेऊ. जपानच्या उत्तरेस ओखोत्स्कचा समुद्र आहे. हिवाळ्यात तो गोठतो आणि जून उजाडला तरी त्याचे पाणी बर्फासारखेच असते. एखाद्या वर्षी त्याच्यावर जास्त दाबाच्या हवेचा थर ठाण मांडून बसतो, आणि तेथून ईशान्येचा वारा जपानकडे वाहू लागतो. वाटेत त्याला ओयाशिओ नावाचा थंड सागरी प्रवाह ओलांडावा लागतो. या प्रवाहावरून येताना हवेतली वाफ थिजते आणि धुके, सखल ढग व बारीक रिमझिम घेऊनच वारा किनाऱ्याला लागतो. हा थर फार उंच नसतो. हजारभर मीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणून मध्ये उभी असलेली ओऊ पर्वताची रांग त्याला अडविते. एकाच दिवशी पर्वताच्या पूर्वेस हाचिनोहेत लोक दिवसा दिवा लावून बसलेले असावेत आणि पश्चिमेस आकिताच्या मैदानात स्वच्छ ऊन पडलेले असावे, असे घडते. असा वारा चारदोन दिवस वाहिला तर त्याचे कोणी नाव काढीत नाही. तो आठवडेच्या आठवडे टिकला म्हणजे मात्र त्या वर्षाला उन्हाळा येतच नाही.

‘ओयाशिओ’ या शब्दाचा अर्थ मायबाप प्रवाह असा आहे. त्याच्या थंड पाण्यात मासळी पोसली जाते, आणि सानरिकूचा किनारा जगातल्या उत्तम मासेमारीच्या जागांपैकी एक गणला जातो. समुद्रावर पोट असणाराला जो मायबाप, तोच शेतावर पोट असणाराला सावत्र निघावा, ही या किनाऱ्याची पूर्वापार अडचण.

भात हे मुळात उष्ण प्रदेशाचे पीक. आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. त्याच्या आयुष्यात एक नाजूक घटका असते: लोंबी बाहेर पडण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी, भात पोटरीत असताना. तोहोकूत ही घटका जुलैच्या उत्तरार्धात येते. त्या दिवसांत हवा सतरा-अठरा अंशांवर येऊन राहिली तर फुलातले पराग धड तयार होत नाहीत. रोप हिरवेगार दिसते, लोंबीही बाहेर पडते, परंतु दाणा भरत नाही, सारे पळंज. शरद ऋतूत जेव्हा लोंब्या भाराने वाकावयाच्या तेव्हा त्या ताठ, हिरव्या उभ्या असतात. तिकडे अशा पिकाला ‘हिरवे उभे’ अशा अर्थाचाच शब्द आहे. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की शेत काय सुरेख आले आहे!

येथे कोणीही विचारील की, जेथे भाताला धड ऊन मिळत नाही तेथे भात लावावयाचा कशाला? या प्रश्नाचे उत्तर हवामानात नाही. तोकुगावांच्या राज्यात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, सरदाराची प्रतिष्ठा, त्याच्या जहागिरीचे मोल आणि शेतकऱ्याचा सारा ही सर्व तांदळाच्या मापात मोजली जात. माप होते कोकु. एक कोकु म्हणजे सुमारे दीडशे किलो तांदूळ. त्या मुलखाचे खरे पीक होते हिए, म्हणजे आपल्या सावा-भगरीचे भावंड. ते थंडीला दाद देत नाही आणि कोठारात वर्षानुवर्षे टिकते. परंतु ते विकून येदोतला, म्हणजे आजच्या टोकियोतला, सरदाराचा खर्च भागत नसे. म्हणून तांदूळ उत्तरेकडे सरकविला गेला. खाण्यासाठी हिए आणि साऱ्यासाठी तांदूळ, अशी ही वाटणी होती.

तांदळाखेरीज दुसरीही एक मागणी आली. येदो शहर वाढले तशी सोया सॉसला लागणाऱ्या सोयाबीनची मागणी वाढली, आणि हाचिनोहे जहागिरीत डोंगर जाळून सोयाबीन पेरण्याची लाट आली. जमीन दोनचार वर्षांत थकली की ती टाकून पुढचा उतार जाळावयाचा. टाकलेल्या रानात नेचे आणि कंद माजले, त्यांवर रानडुकरे पोसली आणि बेसुमार वाढली. १७४९ साली उन्हाळा थंड गेला, पीक थोडे आले आणि जे आले ते डुकरांनी फस्त केले. हाचिनोहेत सुमारे तीन हजार माणसे मेली. तो दुष्काळ इतिहासात ‘रानडुकरांचा दुष्काळ’ म्हणून नोंदला गेला आहे. नाव डुकरांचे झाले. सोयाबीनच्या ठेकेदारांचे नाव कोणी त्याला दिले नाही.

त्याच सुमारास हाचिनोहेत एक वैद्य राहत होता. आंदो शोएकी त्याचे नाव. दिवसा नाडी पाहावी आणि उरल्या वेळात लिहावे, असा त्याचा क्रम असावा. त्याने जे लिहिले ते त्या काळी उघड बोलण्याजोगे नव्हते. स्वतः न कसता दुसऱ्याच्या कष्टाचे खाणारे सर्व चोर आहेत. राजे, सरदार, आचार्य, बुद्ध-कन्फ्यूशसची नावे घेऊन बसून खाणारे, झाडून सारे. माणसाने स्वतः जमीन कसावी हाच निसर्गाचा धर्म, असे तो म्हणे. त्याच्या ग्रंथाचे मोठे हस्तलिखित दीडशे वर्षे अंधारात पडून होते. १८९९ च्या सुमारास कानो कोकिची या विद्वानाच्या हाती ते लागले. पुढे ते टोकियोच्या विद्यापीठात गेले आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले. एका इतिहासकाराने बारा खंड वाचावयास नेले होते, तेवढे वाचले. ग्रंथालयातून नेलेली पुस्तके वेळेवर परत करावीत असे आपण सांगतो. येथे न करणाऱ्याचे उपकार मानावयाचे!

आता १७८३ कडे वळू. जपानी कालगणनेत हे तेनमेई युगाचे तिसरे वर्ष. सामान्यतः असे सांगितले जाते की, आसामा ज्वालामुखीचा स्फोट झाला, राखेने सूर्य झाकला आणि दुष्काळ पडला. परंतु तारखा जुळवून पाहाव्यात. आसामाचा मोठा स्फोट झाला ऑगस्टच्या ५ तारखेस. आइसलंडातल्या लाकी ज्वालामुखीचे तोंड उघडले ८ जूनला. हाचिनोहेजवळ ताइसेन-इन नावाचा बौद्ध मठ आहे. तेथे या दुष्काळात मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा आहे. तिच्यावरचा लेख सांगतो की, चौथ्या चांद्र महिन्यापासून, म्हणजे मे महिन्यापासूनच, पाऊस आणि थंडी सुरू झाली व ती आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत हटली नाही. म्हणजे ज्वालामुखींनी त्या थंडीत भर घातली असेल, पण यामासेने त्यांची वाट पाहिली नव्हती. त्या जहागिरीतल्या सुमारे ६५ हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास माणसे उपासमारीने व तापाने मेली अशी नोंद आहे. त्याच शिळेवरच्या मजकुराचा एक भाग मागाहून छिन्नीने काढून टाकलेला दिसतो. माणसांनी माणसाचे मांस खाल्ल्याचा उल्लेख तेथे असावा, असे मानतात. दोन वर्षांनी, १७८५ साली, सुगाए मासुमी नावाचा प्रवासी शेजारच्या त्सुगारू जहागिरीतून गेला. वाटेच्या कडेला, गवतात, पांढरी हाडे साचलेल्या बर्फासारखी पडली होती, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

त्सुगारूत ऐंशी हजारांवर माणसे गेली; लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेथे तांदूळ नव्हता काय? होता. १७८२ चे पीक पश्चिम जपानात बुडाले होते आणि ओसाका व येदोत भाव चढले होते. त्सुगारूचा सरदार कर्जबाजारी होता. ओसाकाच्या दोजिमा पेढीवर तांदळाचे पुढील तारखेचे सौदे १७३० पासून सरकारमान्य होते. म्हणजे येत्या हंगामाचा अंदाज पैशात करणारी यंत्रणा त्या देशात तेव्हाच होती, आणि ती पुष्कळ हुशारीने चाले. तिने भाव चढणार असे सांगितले. त्या भावाने उत्तरेच्या कोठारांतला जुना तांदूळ जहाजांवर चढविला आणि दक्षिणेस नेला. शेतात हिरव्या लोंब्या ताठ उभ्या, बंदरात पोती भरून गलबते चाललेली, असा तो १७८३ चा उन्हाळा. आओमोरी बंदरातल्या लोकांनी उठाव केला, तांदूळ बाहेर पाठवू नका अशी मागणी केली. परंतु तोवर कोठारे रिकामी झालेली होती. पेढीवरच्या मंडळींना उन्हाळ्याचा अंदाज बरोबर समजला होता. त्सुगारूच्या कुळालाही, वारा अंगाला झोंबत असल्यामुळे, तो समजलाच होता. दोघांच्या हाती त्याचा उपयोग मात्र सारखा नव्हता.

उलट उदाहरणही देणे न्यायाचे होईल. तोहोकूच्याच दक्षिण टोकाला शिराकावा जहागीर होती. तेथेही पीक बुडाले. तिथला तरुण सरदार मात्सुदाइरा सादानोबू याने बाहेरून वेळीच धान्य विकत आणविले आणि वाटले. त्याच्या जहागिरीत कोणी भुकेने मेले नाही असे सांगतात. सरदारांची कीर्ती त्यांचे कारकून लिहितात, ही गोष्ट ध्यानात ठेवूनही यात तथ्य आहे असे मला वाटते. १७८७ मध्ये येदोत तांदळाच्या दुकानांवर दंगे झाले, तेव्हा राज्याचा कारभार याच माणसाच्या हाती आला. त्याने १७८९ मध्ये हुकूम काढला की, प्रत्येक सरदाराने दर दहा हजार कोकु उत्पन्नामागे पन्नास कोकु धान्य शिल्लक टाकावे. हुकूम चांगला होता. तरी १८३३ नंतरच्या तेनपो युगातल्या थंड उन्हाळ्यांत त्याच मुलखात पुन्हा माणसे मेली.

याच किनाऱ्यावर १८५३ साली एक प्रकरण घडले. ते दुष्काळाचे नव्हे, तरीही मी त्यासाठी थोडा वेळ मागून घेतो. मोरिओका जहागिरीचा सानरिकूकडचा भाग गरीब. थोडी शेती, थोडी मासळी, थोडे मीठ. वाऱ्यापासून जे वाचे त्यावर ऐनवेळच्या पट्ट्या बसत, मालाचे मक्ते दिले जात, आणि कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांची संख्या वाढत जाई. १८४७ मध्ये लोक एकदा उठले. त्यांना आश्वासने मिळाली, ती मोडली गेली आणि त्यांचा म्होरक्या तुरुंगात मेला. १८५३ च्या उन्हाळ्यारंभी ते पुन्हा उठले, पण या खेपेस शहाणे होऊन. हजारोंचा जमाव किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस चालत गेला, आणि त्यांतल्या आठ हजारांहून अधिक लोकांनी हद्द ओलांडून शेजारच्या सेन्दाई जहागिरीत पाऊल टाकले. त्यांच्या निशाणावर एक छोटे वर्तुळ होते. जपानीत ‘छोटे वर्तुळ’ म्हणजे ‘को-मारू’, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘अडचणीत आहोत’ असा होतो. निरक्षरालाही वाचता येईल अशी ही घोषणा. शेजारच्या सरदारासमोर त्यांनी एकोणपन्नास कलमांचे मागणीपत्र ठेवले. मग बहुतेक लोक घरी परतले, कारण शेते वाट पाहत होती. मागे पंचेचाळीस प्रतिनिधी बोलणी करण्यासाठी राहिले. बोलणी शरद ऋतूपर्यंत चालली. बहुतेक कलमे मान्य झाली आणि मुख्य म्हणजे उठावात भाग घेणाऱ्यांस शिक्षा होणार नाही, असे लेखी पत्र त्यांनी पदरात पाडून घेतले. आपल्यापैकी ज्यांनी कधी संपाचा करार केला असेल त्यांना या शेवटच्या कलमाची किंमत मी सांगावयास नको. तोंडी शब्दावर घरी परतलेल्यांचे काय होते, हे त्यांनी सहा वर्षांपूर्वी पाहिले होते. त्याच महिन्या-दोन महिन्यांत अमेरिकेची काळी जहाजे येदोच्या उपसागरात आली; इतिहासाची पाने जहाजांनी भरली आणि छोट्या वर्तुळाला कोपरा मिळाला.

हे सांगण्याचे कारण असे की, पुढल्या काळात शास्त्र आले म्हणजे प्रश्न सुटला, अशी आपली समजूत होण्याचा संभव असतो. शास्त्राने केले ते थोडे नव्हे. परंतु शास्त्राचा शब्द झेलण्यासाठी खाली कोणाचे तरी हात मोकळे असावे लागतात.

पूर्वी उन्हाळा ओळखण्याची साधने काय होती? उत्तर जपानात वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळू लागले की खडक व बर्फ यांच्या नक्षीतून आकृत्या दिसतात. एक आकृती ‘बी पेरणाऱ्या म्हाताऱ्या’ची. ती दिसली की तरवा टाकावयाचा. आपण मृगाचे वाहन बेडूक की गाढव हे पंचांगात पाहतो; त्या मानाने डोंगराकडे पाहणे पुष्कळ बरे, कारण बर्फ खरोखरच हवेप्रमाणे वितळते. परंतु म्हातारा पेरणीची वेळ सांगे, जुलैची हवा नव्हे. १९०२ आणि १९०५ साली पिके बुडाली तेव्हा मोरिओकाच्या कृषी व वन महाविद्यालयातील सेकी तोयोतारो या मृदाशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये एक अहवाल लिहिला आणि थंड उन्हाळ्याचा संबंध थंड सागरी प्रवाहाशी जोडला. समुद्राचे पाणी मोजले तर शेताचे भविष्य वाचता येईल, ही आशा येथून जागी झाली.

त्याच वर्षांत अशीच आशा घेऊन आपल्या देशातही एक माणूस बसला होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळानंतर ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचे भाकीत करण्यास प्रारंभ केला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर वेधशाळांचा प्रमुख होऊन आला. तो गणिती. साऱ्या जगातल्या वेधशाळांचे आकडे गोळा करून, कारकुनांच्या हातांनी गुणाकार करवून, कोठल्या समुद्रावरचा दाब कोठल्या पावसाशी जुळतो हे तो वीस वर्षे पाहत राहिला. त्यातून दूरवरच्या महासागरांचे जे तीन मोठे हेलकावे त्याच्या हाती लागले, त्यांतला एक उत्तर पॅसिफिकचा. १९२८ मध्ये त्या खात्याचे मुख्य ठाणे शिमल्याहून पुण्यास आले. रिक्षावाल्यास आपण ‘शिमला ऑफिस’ म्हणतो ते हेच. तेथून जाताना सानरिकूच्या धुक्याची आठवण कोणास होणार नाही. परंतु दोन्हीकडचे शास्त्र एकाच प्रकारच्या भुकेतून जन्मले आहे.

सेकींचा एक विद्यार्थी होता मियाझावा केन्जी. इवाते प्रांतातल्या हानामाकी गावचा; सावकारी करणाऱ्या घरातला मुलगा, आणि त्या गोष्टीची त्याला जन्मभर बोच होती. तो शेतकी शाळेत शिकवी. पुढे नोकरी सोडून तो स्वतः जमीन कसू लागला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना खतांचे हिशेब फुकट मांडून देऊ लागला. थंडीत टिकणारे रिकूऊ १३२ हे भात लावा, असे तो सांगे. ते वाण १९२१ साली सरकारी प्रयोगशेतात संकराने तयार झाले होते. त्याच्या पूर्वजांतले एक भात १८९३ साली आबे कामेजी नावाच्या शेतकऱ्याला सापडले होते: थंडीने बसलेल्या शेतात तीन लोंब्या तेवढ्या उभ्या होत्या, त्या त्याने मागून घेतल्या. १९३२ मध्ये केन्जीने ‘गुस्को बुदोरीचे चरित्र’ ही कथा प्रसिद्ध केली. थंड उन्हाळ्याने आईबाप गमावलेला एक मुलगा मोठेपणी ज्वालामुखीचा इंजिनियर होतो. पुन्हा तसाच उन्हाळा येणार असे दिसताच, ज्वालामुखी फोडून कर्बवायूने हवा तापवावी म्हणून तो एकटा बेटावर मागे राहतो आणि प्राण देतो. कर्बवायूने पृथ्वी तापते हे आज आपण भीतीने म्हणतो. तोहोकूच्या या माणसाने ते आशेने लिहिले. १९३३ च्या सप्टेंबरात तो वारला. त्या वर्षी पीक चांगले आले होते.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, यामासेने तोहोकूचे पीक बुडविले. रेशमाचा भाव १९३० च्या मंदीत आधीच कोसळलेला. कुळाने पिकाचा सुमारे अर्धा वाटा खंड म्हणून द्यावयाचा. अशा स्थितीत घरोघरच्या मुली शहरातल्या कारखान्यांकडे आणि वेश्यागृहांकडे विकल्या गेल्या. १९३६ च्या फेब्रुवारीत टोकियोत बंड करणाऱ्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या तोंडी या खेड्यांची दैना होती. त्यांनी तिच्यावर शोधलेला उपाय काय होता आणि तो देशाला कोठे घेऊन गेला, ते आपणास ठाऊक आहे. त्या दुष्काळाचे एक निराळे फळ मात्र शांतपणे पिकत होते. १९३५ मध्ये आओमोरीतल्या फुजिसाका गावी प्रयोगशेत उघडले गेले. जागा मुद्दाम अशी निवडली की यामासे थेट अंगावर यावा. तेथे तानाका मिनोरू यांनी वर्षानुवर्षे, थंडीत जे मरत नाही तेच बी पुढे न्यावयाचे या बाण्याने, १९४९ मध्ये फुजिसाका ५ हे वाण सिद्ध केले. तिकडे नागानो प्रांतात ओगिवारा तोयोजी या शेतकऱ्याने तरव्यावर तेलकट कागद पसरून रोपे लवकर वाढविण्याची रीत शोधली. लावणी लवकर झाली तर पिकाला आळशी उन्हाळ्यातही वेळ पुरतो.

आणि १९४६ पासूनच्या जमीन सुधारणेने खंडाचे जोखड काढले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. कागद, खत, नवे बी ही सर्व पूर्वीही कोणाच्या ना कोणाच्या हाती होती. आता ती जो चिखलात उभा आहे त्याच्या हाती आली. नंतर शास्त्रज्ञांनी दाखविले की, पोटरीच्या दिवसांत खाचरात पंधरा-वीस सेंटीमीटर पाणी कोंडून ठेवले तर कोवळी लोंबी पाण्याखाली राहते व गार हवेपासून वाचते. पाणी हवेपेक्षा उबदार असते. ही युक्ती करावयास बांध उंच हवा, पाणी हवे आणि आठवडाभर आधी सूचना हवी. अंदाजाला शेतात काम मिळाले ते असे.

तरीही १९९३ साल आले. १९९१ मध्ये फिलिपाईन्समधला पिनातुबो फुटला होता. ओखोत्स्कवर दाब ठाण मांडून बसला. एवढ्या थंड उन्हाळ्याची आगाऊ सूचना शेतकऱ्याला मिळालेली नव्हती. जपानच्या हवामान खात्याने पावसाळी हंगाम संपल्याचे नेहमीप्रमाणे जाहीर केले, आणि पाऊस थांबेना तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस ते शब्द मागे घेतले. सामान्य पीक १०० धरले तर देशाचे पीक ७४ आले; मियागीत ३७, इवातेत ३०, आओमोरीत २८. सासानिशिकी हे चवीला नावाजलेले, बाजारात भाव खाणारे वाण त्या वर्षी आडवे झाले. गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी लावलेले भात थंडीपुढे टिकले नाही. भुकेने कोणी मेले नाही. जपानने थायलंड, चीन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथून पंचवीस लाख टनांहून अधिक तांदूळ आणविला, जगाच्या बाजारात भाव भडकले, आणि त्याचा चटका तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या दुसऱ्याच गरीब देशांना बसला.

इवातेत आणखी एक संकट होते. थंडीत टिकेल असे एक नवे भात प्रांताच्या प्रयोगशेताने नुकतेच तयार केले होते, परंतु बियाणेच बुडाले होते. पुढच्या वसंतात पेरावयास बी नव्हते. तेव्हा होते तेवढे बी घेऊन लोक दक्षिणेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ओकिनावातल्या इशिगाकी बेटावर गेले. तेथे जानेवारीतही भात लावता येते. इशिगाकीच्या शेतकऱ्यांनी आपली खाचरे दिली. मे १९९४ मध्ये कापणी झाली आणि शंभर टनांच्या वर बियाणे तातडीने इवातेत आले. त्या भाताला मग काकेहाशी असे नाव दिले गेले. काकेहाशी म्हणजे पूल.

१९९६ मध्ये मोरिओकाच्या कृषी संशोधन केंद्राने थंडीची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था सुरू केली: रोज हवा मोजावयाची, कोठल्या तालुक्यातले भात पोटरीत आहे याचा हिशेब ठेवावयाचा आणि पाणी चढवा म्हणून शेतकऱ्यास कळवावयाचे. २००३ साली यामासे पुन्हा आला. आओमोरीचे पीक निम्म्यावर आले, तरी देशाचे ९० राहिले. आता जपानचे हवामान खाते फेब्रुवारीतच साऱ्या उन्हाळ्याचा अंदाज देते. ‘कमी, सरासरीइतके, अधिक’ अशा तीन शक्यतांत तो वाटलेला असतो. अलीकडच्या वर्षांत त्यात ‘अधिक’ हाच आकडा मोठा दिसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात निइगाताचे भात उन्हाने पांढुरके पडले. फुजिसाकाच्या मुलखातले म्हातारे शेतकरी मात्र अद्याप जूनच्या सकाळी समुद्राकडे पाहतात, असे ऐकतो. तापत्या जगातही ओखोत्स्कचा वारा सुटावयाचा राहिलेला नाही.

१९९४ चा उन्हाळा, ज्याच्यासाठी इशिगाकीहून बी आणले होते, तो जपानात कित्येक वर्षांत आला नव्हता इतका कडक तापला. काकेहाशीच्या लोंब्या भाराने वाकल्या, देशाचे पीक १०९ आले, आणि थायलंडहून आणलेला तांदूळ गिऱ्हाईक नाही म्हणून गोदामांतून पडून राहिला.